सुट्टीतला रस्ता

"हिरवा!" काकांनी टेबलावर थाप मारली. "आणखी एक चौकोन खलास! आहे का कुणी माझ्या पुढे?"

"कुणी नाही, बाबा," भिंगरी मान वर न करता म्हणाली. "पण टेबल मोडलं तर आई आहे."

ढब्बू आणि टिकली खुदकन हसले. काकांनी डोळे वटारले, पण ते लटकेच. काकांना खरंखुरं रागावता येतच नसे. त्यासाठी लागतो तेवढा वेळ त्यांच्याकडे कधी नव्हता.

ती खोली आता राहिलेली नाही. तिथे आज चष्म्यांचं दुकान आहे. पण त्या वर्षी तिथे काकांचा कॉम्प्युटर क्लास होता. जाडजूड पडद्यांचे जुनाट कॉम्प्युटर, कीबोर्डवर आत्यानं शिवलेल्या फुलाफुलांच्या खोळी, सुरू होताना कण्हणारा पंखा आणि दारात चपलांचा ढीग. सहामाही परीक्षेनंतरच्या सुट्टीत क्लास बंद असे, आणि मग ती खोली मुलांची! इतकी सुंदर खोली जगात दुसरी नसेल असं त्या तिघांना तेव्हा वाटे. खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.

भिंगरी ही काकांची मुलगी, आठवीतली, एका जागी कधीच न बसणारी. ढब्बू आणि टिकली ही तिची मामेभावंडं. ढब्बू सातवीत, टिकली पाचवीत. भिंगरीची आई म्हणजे या दोघांची आत्या आणि बाबा म्हणजे काका. आपणही त्यांना काकाच म्हणू.

त्या सुट्टीत पत्ते नव्हते, कॅरम नव्हता. त्या सुट्टीत होता नकाशा!

लांबच्या डोंगराळ भागात मोठं वादळ झालं होतं. सगळी खेडी पाण्यानं वेढली होती, आणि मदत घेऊन जाणाऱ्यांकडे त्या भागाचा धड नकाशाच नव्हता. मग जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून तो तयार करायला लागली. आकाशातून काढलेले फोटो पडद्यावर उघडायचे. छप्पर दिसलं की त्यावर घराची चौकट काढायची, रस्ता दिसला की त्यावर रेघ ओढायची. एकमेकांना कधी न पाहिलेली, टोपणनावांनी बोलणारी ही मंडळी. पगार नाही, काही नाही. नुसतं मनापासून करायचं.

त्यासाठी सगळ्या भागाचे चौकोन पाडले होते. एकानं चौकोन पुरा केला की तो पिवळा व्हायचा. मग दुसऱ्या कुणीतरी तो तपासायचा आणि हिरवा करायचा. हिरवे चौकोन तेवढे ट्रकवाल्यांच्या फोनवर जायचे. आणि एकदा हिरवा झाला की त्याकडे पुन्हा कुणी ढुंकूनही बघायचं नाही.

हिरवे करणाऱ्यांत काका सर्वांत वेगवान! त्यांनी स्वतःचं टोपणनाव 'गरुड' असं ठेवलं होतं.

"गरुडाची नजर!" ते म्हणत.

"गरुडाचा चष्मा मात्र टीव्हीवर राहिलाय," असं म्हणत आत्या तो आणून द्यायची.

या सगळ्यात ढब्बूचा जीव मात्र थोडा टांगणीला लागलेला असे. कारण मदतीच्या ट्रकांमधला पहिला ट्रक चालवत होते त्याचे आणि टिकलीचे पप्पा. औषधं आणि पाणी शुद्ध करायची यंत्रं घेऊन ते त्या दिवशी दुपारी त्या खोऱ्यात उतरणार होते. ढब्बूला छपरं काढायचा कंटाळा येई, म्हणून तो आपला वाटेवरचे पेट्रोलपंप शोधायचा. लोकांनी रस्त्यावरून काढलेल्या फोटोंतल्या पाट्या डोळे ताणून वाचायचा आणि पंपाचं नाव, फोन नंबर सगळं नकाशात भरायचा.

"जग बुडतंय आणि हा पंप मोजतोय!" भिंगरी त्याला चिडवे.

"ट्रक पाण्यावर चालत नाही," ढब्बू तोंड फुगवून म्हणे.

त्या सकाळी टिकली घरांवर चौकटी काढत बसली होती. जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून. अचानक ती थांबली.

"ताई, हा रस्ता असा का आहे?"

"कसा?"

"एकटा एकटा! एवढा मोठा रस्ता, पण त्याच्या कडेला एकही घर नाही. दुकान नाही, काही नाही. सगळी घरं लांब लांब पळालीत त्याच्यापासून!"

भिंगरी तिच्या खुर्चीच्या दांडीवर जाऊन बसली. खोऱ्याच्या मधोमध एक पांढुरका, रुंद पट्टा होता. कुणीतरी त्यावर रस्त्याची रेघ ओढली होती, आणि चौकोन होता हिरवागार.

"आणि हे बघ," ढब्बूनंही मान खुपसली. "इथे रस्ता दोन होतो आणि पुढे परत एक होतो. मधे बेट!"

"दुभाजक असेल."

"एवढ्याशा खेड्यात दुभाजक? आणि त्यावर झाडं?"

भिंगरीनं फोटो मोठा केला. शेतांतल्या पाऊलवाटा त्या रस्त्याला येऊन मिळतच नव्हत्या. आडव्या येत, त्याच्या काठाशी पुसट होत आणि पलीकडे पुन्हा सुरू होत. चारी बाजूंची शेतं करडी, वाळलेली. फोटो ऐन उन्हाळ्यातला होता.

भिंगरी चक्क काही क्षण गप्प बसली. ही गोष्ट इतकी दुर्मीळ होती की टिकली घाबरलीच.

"काय झालं ताई?"

"टिकले," भिंगरी हळूच म्हणाली, "हा रस्ता नाहीये. ही नदी आहे. पाणी नसलेली नदी!"

"आणि आता?" ढब्बूचा आवाज चिरकला. "आता तर पूर आलाय! पप्पा याच रस्त्यानं..."

तिघंही एकदम काकांच्या टेबलाकडे धावले.

"बाबा, तो खोऱ्यातला रस्ता चुकलाय! नदी आहे ती!"

काका मोठ्यांदा हसले. "मला सांगतेस? अगं, ते माझं आजोळ आहे, आजोळ! तिथला चौकोन पुढ्यात आला तेव्हा बघायचीसुद्धा गरज पडली नाही. पाहताक्षणी हिरवा! त्याच रस्त्यानं पलीकडच्या गावी जायचो आम्ही. मी स्वतः चाललोय. अनवाणी!"

"पण फोटो नीट बघा ना, काका..."

"हे बघ ढब्बू," काका गंभीर झाले. "पप्पांची काळजी वाटते, कळतं मला. पण तुमच्या शंकेवरून मी तो रस्ता काढून टाकला, तर ट्रक डोंगराला वळसा घालून जाणार. औषधं उशिरा पोचणार. तिथली आजारी माणसं वाट बघतायत, त्यांना काय सांगू? पोरांना शंका आली होती म्हणून?"

या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. म्हणूनच ते जास्त भीतिदायक होतं.

तेवढ्यात ढब्बूच्या पप्पांचा निरोप आला. 'नकाशा फोनवर उतरवून घेतला. जेवून निघतोय. पुढे रेंज नाही. टिकलीला पापा.'

तिघं गॅलरीत जमले. ढब्बूनं फोन हातात घेतलाच होता.

"पप्पांना सरळ फोन करू!"

"आणि मामाला काय सांगणार? 'काका नाही म्हणतात, पण आम्हाला असं वाटतं'? तो आधी बाबांनाच विचारेल. आणि बाबा म्हणतील, मी स्वतः चाललोय, अनवाणी!" भिंगरीनं हुबेहूब नक्कल केली, पण कुणाला हसू आलं नाही.

"मग वाद घालू काकांशी!"

"माझ्या बाबांशी वाद घालून आजवर कुणी जिंकलंय? आईसुद्धा नाही!" भिंगरीचे डोळे मात्र चमकायला लागले. "आपण वाद घालायचाच नाही. आपण गोष्ट ऐकायची! आजोळची गोष्ट सांगताना बाबा कधी खोटं बोलत नाहीत. आणि थांबतही नाहीत. टिकले, तू सुरुवात कर. तुला ते नाही म्हणत नाहीत."

चहाचा कप घेऊन टिकली काकांजवळ गेली आणि तिनं मान तिरकी केली. "काका, तुमच्या त्या रस्त्यावर काय काय मज्जा असायची हो?"

बस्स! काकांनी खुर्ची मागे रेलली. हातातला उंदीर सुटला. म्हणजे कॉम्प्युटरचा उंदीर हो, माउस!

"काय सांगू तुला! पहाटे उठून आम्ही भावंडं निघायचो. पांढरा स्वच्छ रस्ता. पांढरी वाटच म्हणायचो आम्ही त्याला. दुपारी परत येताना मात्र वाळूत पाय असे भाजायचे की टणाटण उड्या मारत यायचो."

"वाळू होती?" भिंगरी डोळे मोठे करून म्हणाली. "रस्त्यावर?"

"मऊशार! आणि गोल गोल गोटे. खिसे फाटेस्तोवर भरून आणायचो. आई रागवायची."

"आणि तहान लागली की?" ढब्बूनं विचारलं.

"तहान? त्याची तर गंमतच! हातानं खड्डा खणायचा, कोपरभर. की आलंच आत पाणी! गार, गोड. असं पाणी पुन्हा कधी प्यायलो नाही बघ." काकांचे डोळे किंचित ओलसर झाले. "आणि पुढे चिंचेखाली होती आमची घसरगुंडी. उलटी घातलेली होडी! तिच्या पाठीवरून सूंऽऽ करून खाली. चड्ड्या फाटायच्या, पण..."

"होडी?" टिकली म्हणाली.

"हो. चांगली मोठी."

"काका, रस्त्याच्या कडेला होडी कशाला ठेवतात?"

काकांचं तोंड उघडं होतं, ते तसंच उघडं राहिलं. पंखा कण्हत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली.

भिंगरी बाबांच्या शेजारी बसली. आता तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"बाबा, तुम्ही आजोळी कधी जायचात?"

"सुट्टीत."

"उन्हाळ्याच्या?"

"हो. दर वर्षी."

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात शाळा असायची गं. पावसाळ्यात कधी..." काका थबकले. "पावसाळ्यात मी तिथे कधीच गेलो नाही."

आणि ते असे उठले की खुर्ची आडवी झाली!

"अरे देवा! फोन! फोन कुठेय?"

त्यांनी आधी त्या रस्त्याला लाल खूण केली. 'बंद. जाऊ नये.' पण पप्पांच्या फोनवर जुना नकाशा होता. काका फोन लावत होते आणि नुसती घंटा वाजत होती. पुन्हा लावला. पुन्हा तेच. आत्या हातातलं शिवण टाकून धावत आली. काय झालं ते कळल्यावर ती मटकन खाली बसली. ट्रक चालवणारा तिचा धाकटा भाऊच होता ना!

"उचलत का नाही हा?" काका ओरडले.

"पप्पा गाडी चालवताना फोन उचलत नाहीत," ढब्बू म्हणाला. "कधीच नाही. आमच्या घरचा नियमच आहे तो."

"म्हणजे निघाला! संपलं!"

"नाही संपलं!" ढब्बू एवढ्या जोरात ओरडला की सगळे त्याच्याकडे बघत राहिले. "लांब जायचं असेल तर शेवटच्या पंपावर टायरची हवा तपासल्याशिवाय पप्पा पुढे जात नाहीत. मला माहितेय, मी किती वेळा गेलोय त्यांच्याबरोबर! आणि तो शेवटचा पंप..."

तो कॉम्प्युटरकडे झेपावला. नकाशा सरकवला. खोऱ्याच्या तोंडाशी एक इवलासा पंप होता, आणि त्यावर टिचकी मारताच फोन नंबर!

"कुणी भरलाय?" आत्यानं विचारलं.

"जग बुडत होतं तेव्हा पंप मोजणाऱ्यानं," भिंगरी म्हणाली, आणि तिनं ढब्बूच्या पाठीत असा धपाटा घातला की तो कळवळला.

पंपावरच्या माणसानं फोन उचलला. काकांनी धापा टाकत सांगितलं. पलीकडे हाका ऐकू आल्या, पावलं वाजली, एक कर्णकर्कश हॉर्न वाजला. तेवढ्या वेळात टिकलीनं आपली सगळी नखं खाऊन संपवली. आणि मग...

"हॅलो? कोण, भावजी? काय झालं? मी गाडी सुरूच करत होतो."

ढब्बूनं काकांच्या हातातून फोन ओढून घेतला. "पप्पा! तिथेच थांबा! तो रस्ता नाहीये, नदी आहे! खाली उतरू नका!" आणि एवढं बोलून तो ढसाढसा रडायला लागला.

पप्पा थांबले. मागचे सगळे ट्रक थांबले. "थांबतो," ते म्हणाले. "पण मग जाऊ कुठून? औषधं तर पोचवायलाच हवीत."

काकांनी कपाळ धरलं. "दुसरा रस्ताच नाही तिथे. मला तर आठवत नाही."

"बाबा, तुम्ही आजोळी पोचायचात कसे?" भिंगरीनं विचारलं. "पहिल्या दिवशी?"

"बसनं." काकांनी तोंड वाकडं केलं. "ती बस आठवायलाच नको! वरून, डोंगराच्या कडेनं, वळणावर वळण! मला दर वर्षी उलट्या..." ते एकदम ताठ बसले. "वरचा रस्ता!"

फोटोत तो रस्ता झाडीखाली लपला होता. एक तुकडा इथे, एक तुकडा तिथे. मग काय! ढब्बूनं डोळे पुसून एका टोकाकडून सुरुवात केली, भिंगरीनं दुसऱ्या. काका डोळे मिटून आठवत होते.

"आधी एक देऊळ... मग लिमलेटची गोळी... मग पहिली उलटी, म्हणजे डावीकडे मोठं वळण!"

"सापडलं!"

"दुसरी उलटी पुलाजवळ!"

"हा बघा पूल!"

अशी ती रेघ उलट्या-उलट्यांनी पूर्ण झाली! चौकोन पिवळा झाला. आता तो हिरवा कुणी करायचा?

"मी नाही," काका म्हणाले. त्यांनी हात मागे घेतले. "दुसऱ्या कुणाची तरी नजर हवी."

गप्पांच्या खिडकीत त्यांनी टिकलीच्या शंकेपासून सगळं सांगून मदत मागितली. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून 'चिमणी' नावाची एक बाई उत्तरली. तिला ते कुणीच कधी भेटले नव्हते. चिमणी घाई करत नव्हती. झाडीखालचा एक तुकडा तिनं पुन्हा काढायला लावला. एका ठिकाणी विचारलं, 'हा पूल कशावरून?' भिंगरीनं पुलाची सावली दाखवली. काका अधीरपणे येरझाऱ्या घालत होते, पण एक शब्द बोलले नाहीत. अखेर चौकोन हिरवा झाला. पप्पांनी पंपावर उभं राहून नवा नकाशा उतरवून घेतला आणि ट्रक डोंगराकडे वळले.

मग उरलं ते वाट बघणं. त्या दिवशी जेवणात कुणाचंच लक्ष नव्हतं. आत्यानं एकाच बाहीला दोनदा टीप मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, डोंगरावर रेंज मिळाली तिथून पप्पांचा फोन आला. ते खेड्यात पोचले होते! औषधं उतरली होती, पाण्याची यंत्रं सुरू झाली होती. आणि त्यांनी वरच्या रस्त्यावरून काढलेला एक फोटो पाठवला होता.

सगळे त्या फोटोभोवती जमले. खोऱ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत गढूळ, फेसाळ पाणी धावत होतं. मधल्या बेटावरच्या झाडांचे शेंडे तेवढे दिसत होते.

"पहिला ट्रक माझा होता," पप्पा फोनवर म्हणाले. "या मुलांनी अडवलं नसतं, तर..." मग ते मोठ्यानं म्हणाले, "ढब्बू, तुझ्या पंपाला सलाम! टिकले, तुझ्या डोळ्यांना! आणि भिंगरी, तुझ्या डोक्याला!"

आत्यानं तिघांना एकदम कवेत घेतलं. चिमणीचाही निरोप आला होता: 'त्या एकट्या रस्त्याकडे बघणारी मुलगी कोण? मोठी झाली की आमच्याकडे तपासायला येईल का?' टिकली दिवसभर तो निरोप सगळ्यांना वाचून दाखवत हिंडली.

काका मात्र अजून त्या फोटोसमोरच बसले होते. भिंगरी त्यांच्याजवळ गेली.

"मुलांनो, माझं चुकलं," ते म्हणाले. "न बघता हिरवा केला. मला वाटलं, मला ठाऊक आहे." मग ते हळूच म्हणाले, "इतकी वर्षं मी नदीतून चालत होतो गं. आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

"सगळ्यांना वाटलं असेल, तुम्हाला माहीतच असेल."

काकांनी नकाशा उघडला. लाल खूण केलेली ती जुनी रेघ तिथेच होती. आता ती पुसायची होती. त्यांचं बोट त्या बटनावर गेलं आणि तिथेच राहिलं. भाजणारे पाय, खिशातले गोटे, खड्ड्यातलं गोड पाणी सगळं त्या रेघेवर होतं. काकांना काही केल्या बटन दाबवेना.

टिकलीनं त्यांच्या कोपराखालून डोकं घातलं.

"पुसू नका ना, काका. निळी करा."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी रस्ता बदलून नदी केली. रेघ तीच राहिली. बेटाजवळ तशीच दुभंगली, तशीच पुन्हा एक झाली. फक्त निळी झाली. तिथली माणसं नदीला काय म्हणतात ते पप्पांनी विचारून कळवलं होतं. काकांनी ते नाव लिहिलं. नदीचं नाव होतं पांढरी.

पुढे काकांनी 'गरुड' हे नाव टाकून दिलं. ढब्बूनं त्यांना 'कासव' हे नाव सुचवलं आणि त्यांनी ते आनंदानं घेतलं.

आता ती तिघं मोठी झालीत, तीन वेगवेगळ्या गावांत राहतात. कुठे पूर आला, भूकंप झाला, की तिघंही आपापल्या घरी नकाशा उघडून बसतात. ढब्बू अजूनही आधी पेट्रोलपंप शोधतो. टिकली तपासणारी झालीय, चिमणीसारखीच सावकाश. आणि कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं, "अरे, मी स्वतः पाहिलंय!" की तिघांपैकी एक जण हमखास विचारतो, "बघ हं, सुट्टीतला रस्ता नाही ना?"

मग तिघांनाही ती खोली आठवते, आणि गप्पांच्या खिडकीत काम सोडून त्या कण्हणाऱ्या पंख्याच्याच गोष्टी निघतात.